आमची वाटचाल : बॅटरीपासून डिकीपर्यंत

दुकान सुरू केलं तेव्हा आम्ही गाडीचे स्पीकर विकायचो आणि वायर सोबत द्यायचो. आज ॲम्पची, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरची, ऑर्डर घेण्याआधी आमच्याकडे बोनेट उघडलं जातं आणि बिलात वायरिंगची ओळ सगळ्यात वर असते. हे कसं झालं, ते हिशोबातूनच कळेल.

500 वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग तेवढी ताकद देणारा) क्लास-डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा, ॲम्प घ्या. 80 टक्के कार्यक्षमता धरली तर तो 625 वॅट ओढतो, म्हणजे 13.8 व्होल्टला सुमारे 45 अँपियर. बॅटरीपासून डिकीपर्यंत साधारण 5 मीटर वायर जाते. 25 स्क्वेअर एमएमच्या तांब्यात तेवढ्या करंटला वाटेत जेमतेम 0.18 व्होल्ट वाया जातात, 10 स्क्वेअरमध्ये 0.43. आम्ही पूर्वी बसवायचो ती बॉक्समधली किट होती 10 स्क्वेअरची सीसीए, अ‍ॅल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. तिच्यात 0.65च्या आसपास जातात. बॉक्सवर मात्र 2000 वॅट छापलेलं! कटरने तार खरवडली की आत पांढरी निघते. ती वायर आम्ही कायमची बंद केली.

वायर सुधारली तरी तक्रारी थांबल्या नाहीत, कारण अर्धा दोष अर्थिंगचा, म्हणजे ॲम्पचा निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडण्याचा होता. निगेटिव्हची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि 45 सेंटीमीटरच्या आत हवी. बॉडीचा रंग पत्रा चकाकेपर्यंत घासायचा, थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) बोल्टने आवळायचं आणि मग वरून ग्रीस किंवा रंग मारायचा. रंगावरच स्क्रू मारला तर पहिला पावसाळा निघतो, दुसऱ्यात गंज धरतो. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ कधीच घेत नाही; तो जिवाचा बोल्ट आहे.

थिंबल पक्कडीने दाबायचं आम्ही सोडलं. सैल जोड तापतो, प्लास्टिक वितळतं आणि खापर ॲम्पवर फुटतं. आता थिंबल दाबायला हायड्रॉलिक क्रिम्पर आणि वर हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटीमीटरच्या आत, या ॲम्पला 60 अँपियरचा. तो वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून ॲम्पजवळ बसवून उपयोग नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, न घातल्यास पत्र्याची धार इन्सुलेशन कापते. काम सुरू करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढतो आणि फ्यूज सगळ्यात शेवटी घालतो.

बेसवर हेडलाइट मंदावतात, ही जुनी तक्रार. त्यावर आम्हीही कपॅसिटर, म्हणजे थोडा करंट साठवून ठेवणारा डबा, विकलेत. पण कपॅसिटर म्हणजे माठ. विहिरीत पाणी नसेल तर तो काय भरणार? अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, हीच ती विहीर, आणि त्याचं रेटिंग चढ्या आरपीएमचं असतं. सिग्नलला गाडी उभी असताना तो जवळपास निम्माच करंट देतो, त्यात एसी आणि रेडिएटरचा पंखा. म्हणून आधी तीन वायरी जाड करतो: अल्टरनेटर ते बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, इंजिन ते बॉडी. पहिलीला फ्यूज हवाच. एवढ्यानेही भागलं नाही, तर ॲम्प लहान घ्या असं सांगतो. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे.

नव्या गाड्यांनी पुन्हा शिकायला लावलं. बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट सेन्सर असतो. ॲम्पचा अर्थ थेट त्या टर्मिनलला जोडला तर सेन्सरला तो करंट दिसतच नाही आणि ईसीयूचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचा, चार्जिंगचा अंदाज चुकतो. अर्थ बॉडीलाच द्यायचा.

आरसीए, म्हणजे ॲम्पला आवाजाचा सिग्नल नेणारी वायर, एका बाजूने, पॉवर वायर दुसऱ्या बाजूने. तरीही एक्सलरेटरबरोबर स्पीकरमधली शिट्टी वाढत असेल तर आधी अर्थ तपासतो, फिल्टर नंतर.

गाडी देताना इंजिन चालू ठेवून, आवाज वाढवून दोन आकडे मोजतो: बॅटरी पॉझिटिव्ह ते ॲम्प पॉझिटिव्ह आणि ॲम्प निगेटिव्ह ते बॅटरी निगेटिव्ह. दोन्ही मिळून 0.3 व्होल्टच्या वर गेले तर गाडी पुन्हा रॅम्पवर. आकड्यांची चिठ्ठी फ्यूजच्या झाकणाला आतून चिकटवतो. पावसाळ्यानंतर उंदरांनी काय काय कुरतडलंय हे बघायला गाडी येते, तेव्हा तीच आधी वाचतो.