तिसरा टॉवेल

कॅम्परमधून, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीतून, किनाऱ्याकिनाऱ्याने भटकायचं ठरवलं, तेव्हा डोळ्यांपुढे चित्र होतं ते असं: मागचं दार सताड उघडं, हातात वाफाळता कप, समोर लाटा आणि पायाशी शहाण्यासारखा बसलेला माझा कुत्रा बंड्या. चित्रात पाऊस नव्हता असं नाही. पण तो बाहेर पडत होता.

खरा पाऊस चार पायांनी आत येतो.

खडकाळ किनाऱ्यावर तो सरळ पडतही नाही. वारा त्याला आडवा करतो, कड्यावर फुटलेल्या लाटेचे तुषार त्यात मिसळतात, आणि छत्री ही वस्तू पहिल्या दहा मिनिटांत निकालात निघते. बंड्याला याचं काही नाही. त्याला खडकांतल्या डबक्यांत रस. तिथून त्याला ओढून आणावं लागतं, कारण खारं पाणी पोटात गेलं की कुत्र्याला उलट्या-जुलाब होतात, आणि चार पावलांच्या घरात ते परवडणारं नाही.

परत आल्यावरचा प्रसंग ठरलेला. पुढचे दोन पाय पायरीवर, मागचे दोन पावसात, मी टॉवेल पसरून तयार. तो माझ्याकडे बघतो, टॉवेलखालून आत सटकतो आणि बरोबर गादीशेजारी उभा राहून अंग झाडतो. आधी डोकं, मग कानांची फटफट, मग मान, पोट, आणि सगळ्यात शेवटी शेपटीचं टोक. उंदरापासून अस्वलापर्यंतचे प्राणी कसे अंग झाडतात याचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला होता. लॅब्रेडॉरएवढा कुत्रा सेकंदाला चार-पाच हेलकावे घेतो, उंदीर तीसच्या आसपास. प्राणी जितका लहान, तितकं जोरात झाडावं लागतं. सैल कातडी हाडांपेक्षा जास्त फिरते, म्हणून पाणी इतकं लांब उडतं. हे सगळं पटलं. पण हेच काम दाराबाहेर का होत नाही, हा माझा प्रश्न तसाच आहे.

मग वास. कुत्र्याच्या केसांत राहणारे सूक्ष्मजीव जे काही तयार करतात, ते पाणी उडून जाताना वाफेबरोबर हवेत येतं. म्हणजे वास मारतोय याचा अर्थ कुत्रा वाळतोय! ही चांगली बातमी मी रात्रभर हुंगत पडलो होतो. खिडक्या घट्ट लावल्या, तर दोघांच्या श्वासातली वाफ गार काचेवर जमते आणि पहाटे थेंब थेंब उशीवर उतरते. म्हणून वाऱ्याच्या आडोशाची एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची. त्या बोटभर फटीत बंड्याचं नाक.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून मी झोपताना तक्ता बघून ठेवतो. कड्याखालची वाट पाण्याखाली गेली, की परत यायला दुसरी नाही. बंड्याची वेळ सरकत नाही. सहा वाजले, की छातीवर पंजा.

आज पहाटे टपावर असा ताशा वाजत होता, की मी पांघरूण डोक्यावर ओढलं. पत्र्याखाली साधी रिमझिमही मुसळधार वाटते, हे मला आता कळतं. तरी पडून राहायला तेवढं कारण पुरतं. बंड्या दाराशी जाऊन बसला. भुंकला नाही, नुसती शेपटी जमिनीवर आपटत राहिला. पहिला टॉवेल आरशावर लटकत होता, दुसरा स्टिअरिंगवर, आणि दोन्हीही ओले.

तिसरा खांद्यावर टाकला आणि दार उघडलं.