कफाला गेला म्हणतात, पण व्हिसावर पेशा काय लिहिलाय?

सौदीनं कफाला (परदेशी कामगाराला एका मालकाशी बांधून ठेवणारी पद्धत) मोडीत काढला, ही बातमी २०२५ च्या ऑक्टोबरात मोबाईलवर गावोगाव फिरली. तेव्हापासून बीड, परभणी, जालन्याकडची बरीच पोरं एकच हिशेब मांडून बसलीत: नवा नियम पक्का होऊ द्या, मग जाऊ, म्हणजे कफीलच्या (मालकाच्या) हातात काही राहणार नाही. तिकडं असलेलेही म्हणतात, थोडं थांबू, मग कंपनी बदलू. या थांबण्यात एक गफलत आहे. ज्या मोकळीकीची वाट बघणं चाललंय, तिच्यातली बरीचशी १४ मार्च २०२१ पासूनच लागू आहे. ज्यांना ती मिळाली नाही त्यांची गाडी बहुतेक वेळा कागदावर अडली, आणि तो कागद मुंबईचं विमान पकडायच्या आधीच चुकलेला होता.

आधी २०२१ मध्ये काय झालं ते नीट बघू. कंपनीत काम करणाऱ्या परदेशी कामगाराला पहिल्या मालकाकडं एक वर्ष झालं, की त्याची संमती न घेता दुसरीकडं बदली घेता येते. मात्र करार सरकारच्या ‘किवा’ या पोर्टलवर नोंदलेला हवा, नोटिशीची मुदत पाळलेली हवी आणि नवी कंपनी बदली घ्यायला पात्र हवी. पात्र म्हणजे सौदी माणसं नेमण्याच्या ‘निताकात’ वर्गवारीत ती हिरव्या पट्ट्यात असावी आणि पगार बँकेतून, नोंद राहील असा देणारी असावी. अर्ज नवी कंपनी टाकते, कामगार किवावर तो मान्य करतो. सुट्टीवर जाऊन परत येण्याचा व्हिसा आणि करार संपल्यावरचा कायमचा खुरूज (देश सोडायचा परवाना) या दोन्हींसाठी ‘अब्शर’ या सरकारी पोर्टलवरून स्वतः अर्ज करण्याची सोयही तेव्हाच आली. मालकाला त्याची फक्त सूचना जाते.

वर्ष पुरं व्हायच्या आतही बदली मिळते, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सलग तीन महिने पगार नाही. देशात येऊन तीन महिने झाले तरी करार किवावर चढवला नाही. इकामा (सौदीत राहण्याचा परवाना) किंवा वर्क परमिटची मुदत संपली. मालक मयत, तुरुंगात किंवा देशाबाहेर. कामगार न्यायालयात मालक दोन तारखांना हजरच राहिला नाही. यातलं एक जरी लागू असलं तरी त्याची संमती लागत नाही.

आता अडतं कुठं ते. ही सगळी मोकळीक कामगार कायद्याखाली येणाऱ्यांना आहे. घरकाम करणारे, खासगी ड्रायव्हर, घराचे राखणदार, माळी व शेतमजूर आणि मेंढ्या-उंट राखणारे, अशा पाच प्रकारच्या लोकांना तिच्यातून वगळलंय. घरगुती कामगारांची नियमावली वेगळी, पोर्टलही वेगळं, ‘मुसानेद’ नावाचं. आणि आपल्याकडची किती पोरं ‘ड्रायव्हर’ म्हणून जातात! एजंट सांगतो कंपनीत गाडी चालवायची आहे, व्हिसावर मात्र लिहिलेलं असतं ‘साइक खास’, म्हणजे एखाद्या घरचा खासगी ड्रायव्हर. तिथं उतरल्यावर पोराला कळतं की २०२१ चा नियम आपल्यासाठी नाहीच. आणखी पाच वर्षं वाट बघितली तरी त्या पेशावर तो लागू होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही.

म्हणून व्हिसाचा कागद हातात आला की पहिल्यांदा पेशा बघा. २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर सौदीच्या स्टिकरऐवजी क्यूआर कोडचा छापील कागद मिळतो. तो फोनवर मोठा करून वाचता येतो, त्यामुळं पासपोर्ट एजंटकडं आहे ही सबब चालत नाही. अरबी येत नसेल तर गावातल्या मौलानांना किंवा मदरशात शिकलेल्या कुणालाही दाखवा, दोन शब्दांचा प्रश्न आहे. साइक खास, आमिल मंजली (घरगडी), मुजारे (शेतमजूर), राई (मेंढपाळ) यातलं काही असेल तर ते कंपनीचं काम नव्हे, मग एजंट त्याच्या ऑफिसात कितीही भारी फोटो दाखवो.

दुसरी खूण त्याच कागदावर असते: मालकाचा नंबर. तो ७ नं सुरू होत असेल तर मालक आस्थापना आहे, १ नं सुरू होत असेल तर मालक म्हणजे कुणीतरी सौदी व्यक्ती. वाळूजच्या कारखान्यात दहा वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाच्या व्हिसावर १ नं सुरू होणारा नंबर असेल, तर तिथंच थांबून जाब विचारायचा.

आता आझाद व्हिसा. मराठवाड्यात हा शब्द इतका रुळलाय की लोकांना वाटतं सौदी सरकार असा काही व्हिसा देतं. असा व्हिसा नाही. एका मालकाच्या नावावर इकामा काढायचा आणि काम मिळेल तिथं करायचं, एवढाच त्याचा अर्थ, आणि सौदी कायद्यात हा गुन्हा आहे. तरी लोक घेतात, कारण पगार जास्त मिळेल असं वाटतं. खर्चाकडं बघू. परदेशी कामगारामागं सरकारी लेव्ही (कर) महिन्याला ८०० रियालपर्यंत, म्हणजे वर्षाला ९,६००. वर्क परमिटचे १००, इकाम्याचे ६५०. झाले १०,३५०. काही छोट्या आस्थापनांना लेव्हीत सूट असते, पण ती सूट कामगाराला कुणी सांगत नाही. त्यावर कफीलला द्यायचा ‘हप्ता’ निराळाच. खरं तर इकामा, वर्क परमिट, त्यांचं नूतनीकरण, उशिराचा दंड आणि काम संपल्यावरचं परतीचं तिकीट, हे सगळं मालकानं भरायचं असं सौदी कामगार कायद्याचं कलम ४० सांगतं. म्हणजे हे पैसे कामगाराकडून घेणं मुळातच चूक.

नियम बदलला की आझाद व्हिसावाल्याची सुटका होईल, अशी आशा सगळ्यात जास्त दिसते, आणि तीच सगळ्यात पोकळ आहे. बदली मागायला किवावर नोंदलेला करार लागतो, आणि पगार थकला म्हणायला पगाराची नोंद. आझादवाल्याचा पगार त्याच्या नावच्या मालकाकडून बँकेत आलेलाच नसतो. तीन महिने पगार नाही असं म्हणावं, तर त्या तीन महिन्यांत तो दुसरीकडं राबत होता हेच उघडं पडतं. वर मालकानं ‘कामावर येत नाही’ अशी नोंद टाकली की ६० दिवसांचा काटा सुरू होतो. तेवढ्यात बदली किंवा खुरूज झाला नाही, तर रेकॉर्डवर फरार असा शिक्का बसतो, ज्याला सगळे हुरूब म्हणतात. कितीही उदार नियम आला तरी तो आधी करार आणि पगाराची नोंदच मागणार.

म्हणून सगळं येऊन थांबतं किवावरच्या करारावर. तिथं एक गोष्ट हमखास होते. मुंबईत सही केलेला इंग्रजी करार म्हणतो मूळ पगार १,८००. रियाधला उतरल्यावर फोनवर संदेश येतो, किवावर करार आलाय, मान्य करा. कंपनीचा माणूस फोन मागतो आणि स्वतःच बटण दाबून मोकळा होतो. त्या करारात मूळ पगार १,२०० आणि बाकीचे भत्ते म्हणून दाखवलेले. हातात पडणारी रक्कम तेवढीच दिसते म्हणून कुणी बोलत नाही. पण ओव्हरटाइमचा दीडपट दर ठरवताना वरचा निम्मा वाटा मूळ पगारावर निघतो. आणि ‘खाण्याचे ३००’ असा भत्ता घातला असेल, तर कंपनीनं मेस सुरू केली की तो कापायची वाटही मोकळी.

त्यामुळं अब्शर आणि किवाचं खातं स्वतःच्या सिमवर, स्वतःच्या हातानं उघडायचं. पासवर्ड कॅम्प बॉसला द्यायचा नाही. करार आला की त्यातल्या पाच गोष्टी बघायच्या: पेशा, मूळ पगार, भत्ते, मुदत आणि नोटिशीचे दिवस. चुकीचं असेल तर तो नाकारता येतो, दुरुस्तीही मागता येते. फोनवर भाषा बदलून वाचता येतं. मान्य केल्यावर पीडीएफ घरी पाठवून ठेवायची. परीक्षा कालावधीही बघा. फेब्रुवारी २०२५ पासून तो १८० दिवसांपर्यंत असू शकतो आणि त्या काळात कंपनी सहज काढून टाकू शकते.

हा करार आता जास्तच मोलाचा झालाय. ऑक्टोबर २०२५ पासून किवावर नोंदलेले नवे करार टप्प्याटप्प्यानं थेट अंमलबजावणीयोग्य ठरवले जातायत. म्हणजे पूर्ण पगार ठरल्या तारखेनंतर ३० दिवस थकला, तर लांबलचक दावा न लावता वसुलीचा अर्ज करता येतो. अर्धवट पगार दिला असेल तर ही मुदत ९० दिवसांची. आलेल्या नियमांत मला हाच सगळ्यात कामाचा वाटतो, आणि याच्याबद्दल व्हॉट्सॲपवर एक ओळ फिरलेली नाही.

बदली घेण्याआधी ग्रॅच्युइटीचाही हिशेब करावा. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी अर्ध्या महिन्याचा पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा. पण स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत शून्य, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश. चार वर्षं दहा महिने झालेल्यानं घाई करून कंपनी सोडली, तर दोन महिन्यांहून थोडं जास्त थांबून मिळाली असती त्याच्या जेमतेम निम्मी रक्कम हातात पडते. इथं मात्र थांबण्यात खरोखर फायदा आहे.

इकडच्या बाजूचं सांगायचं तर दहावी नापास असेल तर पासपोर्ट ईसीआर (कामासाठी जाताना सरकारी तपासणी लागेल असा) निघतो. मग सौदीसह आखाती देशांत कामासाठी जाताना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून परवानगी लागते आणि करार सरकारी नजरेखालून जातो. दहावी पास असेल तर संभाजीनगर किंवा लातूर विभागीय मंडळाचं प्रमाणपत्र जोडून ईसीआर काढून टाकता येतं. सगळ्यांना ते काढायची घाई असते. पण ईसीआर गेलं की करार तपासणारं सरकारी कुणी उरत नाही, तो सगळा भार तुमच्यावर येतो. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर टाकून परवाना चालू आहे का बघा. त्याची फी कायद्यानं जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, आणि पावतीसह. लाख-दीड लाख मागणारा माणूस ‘व्हिसा विकत घेतलाय’ म्हणतो तेव्हा बहुधा तो आझादच असतो. प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा अपघाती विमा दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपयांत मिळतो, वर कर. तो टाळणारा एजंट बाकीचंही काही टाळत असतो.

एजंटला पैसे द्यायच्या आधी जिल्ह्याच्या गावी छातीचा एक्स-रे आणि कावीळ बी-सीची रक्ततपासणी स्वतःच्या खर्चानं करून घ्या. जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचा डागही आखाती मेडिकलमध्ये ‘अनफिट’ ठरवू शकतो, आणि तो शेरा संगणकात राहतो. पासपोर्टवर जन्मठिकाण औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल आणि नव्या दाखल्यांवर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, तर घाबरू नका. पासपोर्टवर आहे तसंच प्रत्येक अर्जात लिहा, म्हणजे झालं.

सगळीकडं नियम एकाच दिशेनं चाललेत असंही नाही. कतारनं २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकतीची अट काढली, ओमाननं २०२१ मध्ये. कुवेतनं मात्र १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातल्या परदेशी कामगाराला देशाबाहेर पडायला मालकाच्या मंजुरीचा परवाना सक्तीचा केला. आपल्याकडं १९८३ चा उत्प्रवासन कायदा बदलायचा मसुदा २०२५ च्या ऑक्टोबरात सूचनांसाठी आला. मसुद्याच्या भरवशावर पैसे भरू नयेत.

तिकडं गेलेल्यांसाठी शेवटची तारखेची गोष्ट. पगार किंवा ग्रॅच्युइटीचा दावा काम संपल्यापासून बारा महिन्यांत लावावा लागतो. आधी सौदी कामगार मंत्रालयाकडं समेटाचा अर्ज जातो, त्यात जमलं नाही तर प्रकरण कामगार न्यायालयात. या दाव्याला कोर्ट फी नाही. भारतीय दूतावासाकडं ‘मदद’ पोर्टलवरून घरचेही तक्रार टाकू शकतात, पण त्यांच्याकडं पासपोर्ट, इकामा, करार आणि पगाराच्या एसएमएसचे फोटो असायला हवेत. फोन हरवला, सिम बंद झालं, तर किवाचं खातंही उघडत नाही. हे चार फोटो आजच आईच्या नाही तर भावाच्या फोनवर पाठवून ठेवा.