सध्या कोणासाठी प्रार्थना करतेस?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'शाळेनं मला काय दिलं' असा विषय देऊन मनोगत मागवलं आहे. स्नेहसंमेलनं, आंतरशालेय चषक, मैदानावरची भांडणं, हेडसरांचा दरारा यांवर माझ्याहून चांगलं लिहिणारे आमच्याच तुकडीत निदान चारपाच जण आहेत, ते लिहितीलच. मी शाळेचं एकच देणं निवडते: धर्मशिक्षणाचा तास आणि त्या तासाच्या शेवटी आलेलं आमचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याच्या कपाळाला बिशप पवित्र तेल लावून त्याला विश्वासात पक्कं करतात तो कॅथलिक संस्कार. यंदा महोत्सवी वर्षातच शाळेतल्या मुलामुलींचं दृढीकरण झालं, हे कळल्यापासून मनात आहे ते त्यांच्याशीच बोलावं म्हणते. माझ्या वयाच्या वाचकांनी हवं तर पान उलटावं. पण शेवटचा परिच्छेद तेवढा वाचावा, त्यात तुमच्याकडे काम आहे.

आमच्या वेळी वरच्या वर्गातल्या मुलींनी आम्हाला पुरतं घाबरवून ठेवलं होतं. 'बिशप गालावर चापट मारतात आणि ती लागते' असं त्या शपथेवर सांगायच्या. गोष्ट अगदीच खोटी नव्हती. जुन्या विधीत तेल लावून झाल्यावर बिशप गालाला हलकीशी चापट लावत. ख्रिस्तासाठी सोसायची तयारी ठेव, असा तिचा अर्थ सांगितला जाई. पोप सहावे पॉल यांनी १५ ऑगस्ट १९७१ रोजी दृढीकरणाच्या विधीत सुधारणा केली, त्यात ही चापट गेली आणि शांतीचं अभिवादन तेवढं उरलं. सिस्टरांनी हे वर्गात दोनदा समजावलं होतं, पण विश्वास कोण ठेवणार! माझ्या पुढच्या मुलीने तर बिशपांचा हात वर येताच डोळे गच्च मिटून मान मागे घेतली. बिशप हसले, थांबले आणि मग अंगठ्याने तिच्या कपाळावर क्रूसाची खूण केली. माझी पाळी आली तेव्हा तेल जरा जास्तच लागलं. ते भुवईपर्यंत ओघळलं. ऑलिव्हच्या तेलात सुगंधी बाल्सम मिसळून केलेलं, पवित्र आठवड्यात बिशपांनी अभिषिक्त केलेलं ते क्रिझम. तो वास संध्याकाळपर्यंत कपाळावर होता आणि मी आईला तोंड धुऊ देत नव्हते.

पण माझ्या लेखी त्या दिवसाची खरी गोष्ट कपाळावर घडली नाही. ती माझ्या मागे उभी होती.

माझी आत्या माझी धर्ममाता होती, म्हणजे संस्काराच्या वेळी पाठीशी उभी राहणारी आणि पुढे विश्वासात सोबत करणारी. तेल लावताना धर्ममातेने किंवा धर्मपित्याने उजवा हात मुलाच्या खांद्यावर ठेवायचा असतो. आत्याने तो ठेवला नाही, दाबला. माझ्या इस्त्री केलेल्या बाहीचा पार चोळामोळा झाला. फोटोत आजही ती बाही तशीच चुरगळलेली दिसते. चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेत या व्यक्तीबद्दल नियम आहेत: तिचं स्वतःचं दृढीकरण झालेलं असावं, साधारणपणे वयाची १६ वर्षं पूर्ण असावीत आणि ती मुलाची आई किंवा वडील नसावी. शक्यतो बाप्तिस्म्याच्या वेळचीच व्यक्ती दृढीकरणालाही असावी. आईवडील का नकोत, हे मला फार उशिरा उमगलं. घरच्यांशी भांडण झालं, घरच्यांच्या देवाशीही भांडण झालं, तरी जायला आणखी एक दार असावं म्हणून. हा माझा अर्थ आहे, संहितेत असं काही लिहिलेलं नाही.

आत्याने पुढे मला 'मिस्साला (चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला) जातेस ना?' असं कधीच विचारलं नाही. ती भेटली की एकच प्रश्न असे: "सध्या कोणासाठी प्रार्थना करतेस?" या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' म्हणून सुटता येत नाही. नाव सांगावं लागतं. नाव सांगायचं तर ते आधी मनात असावं लागतं, आणि पुढच्या भेटीत 'त्या बाईंचं काय झालं मग?' हा उपप्रश्न ठरलेला. आत्या येणार म्हटलं की मी आदल्या रात्री घाईघाईने कोणासाठी तरी प्रार्थना करायची. हसू नका. अशाच धाकाने माझी प्रार्थना जिवंत राहिली.

मला सांगायचं आहे ते एवढंच. दृढीकरणानंतर विश्वास टिकवण्यासाठी मन घट्ट करा, निर्धार करा, असं तुम्हाला त्या दिवशी भाषणातून बहुतेक सगळ्यांनी सांगितलं असेल. निर्धाराबद्दल माझी तक्रार नाही, पण माझा भरवसा माणसांवर जास्त आहे. विश्वास एकट्याने टिकवायची गोष्ट नव्हे. शोमरोन प्रांतात लोकांनी देवाचं वचन स्वीकारलं, बाप्तिस्मा घेतला, तरी यरुशलेमहून येशूचे प्रेषित पेत्र आणि योहान तिथे गेले, त्यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना पवित्र आत्मा मिळाला, असं बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. आपल्या दृढीकरणाचं मूळ तिथे सांगतात. कोणीतरी उठून आपल्यापर्यंत येतं, तिथून हे सुरू होतं.

येशूचा शिष्य थोमा याचंच घ्या. शंकेखोर म्हणून बिचाऱ्याला अजून बोलणी बसतात. योहानाच्या शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, विसावा अध्याय नीट वाचा. मरणातून उठलेला येशू पहिल्या संध्याकाळी शिष्यांकडे आला तेव्हा थोमा इतरांबरोबर नव्हता, म्हणून हुकला. नंतर त्याने सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं की त्याच्या जखमा हाताने चाचपल्याशिवाय मी मानणार नाही. आणि आठ दिवसांनी? तो त्याच घरात, त्याच लोकांत होता. ज्यांच्या बोलण्यावर त्याचा विश्वास नव्हता, त्यांच्यातच तो राहिला, आणि त्यांनीही त्याला हाकललं नाही. म्हणून तर दुसऱ्या वेळी तो जागेवर सापडला. शंका आल्या तर येऊ द्या, फक्त त्या घेऊन बाहेर जाऊन बसू नका.

या बाबतीत आमच्या सिस्टरांचे उपकार आहेत. त्यांच्या टेबलावर खडूचा रिकामा डबा असे. प्रश्न कागदावर लिहायचा, नाव न घालता त्यात टाकायचा आणि शुक्रवारी सगळ्यांसमोर तो वाचला जायचा. 'देव आहे तर माझा भाऊ आजारी का?', 'विज्ञानाच्या पुस्तकात वेगळंच लिहिलंय', 'प्रार्थनेत मला कंटाळा येतो, हे पाप आहे का?' असे प्रश्न येत. विज्ञानाच्या प्रश्नावर त्यांनी मेंडेलचं नाव सांगितलं होतं. वाटाण्यांवरचे प्रयोग करून १८६६ मध्ये आनुवंशिकतेवर निबंध छापणारा तो माणूस ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठातला धर्मगुरू होता. विश्व एका अतिशय दाट आरंभापासून प्रसरण पावत आलं, ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्रही धर्मगुरूच होते. आम्ही खूश. पण सिस्टर म्हणाल्या, या दोन नावांनी तुमचा प्रश्न सुटला असं समजू नका, प्रश्न विचारायला भिण्याचं कारण नाही एवढंच यातून कळतं. आजारी भावाच्या प्रश्नावर त्यांनी सरळ "मला माहीत नाही" म्हटलं आणि सगळ्या वर्गाला त्या भावासाठी प्रार्थना करायला लावली. प्रश्न कोणाचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं, तरी वर्ग उभा राहिला. धर्मशिक्षणाची पाठ केलेली उत्तरं मी बरीचशी विसरले आहे. ते "मला माहीत नाही" मात्र विसरले नाही.

पुढे मी नर्स झाले. मुलांच्या वॉर्डातल्या रात्रपाळीत असे प्रश्न डब्यातून येत नाहीत, समोरच्या खाटेवरून येतात. तिथे मला कित्येकदा प्रार्थनेत काहीही जाणवलेलं नाही. दृढीकरणाच्या दिवशी अंगावर आलेला तो काटा पुन्हा येईल अशी वाट पाहू नका. आला तर आनंदच, पण त्यावर विश्वासाचं माप काढू नका. मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या आणि दहा वर्षांनी त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की अनेक दशकं त्यांना आतून अंधारच जाणवत होता. पत्रं नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. ती कोणाला लिहिली होती हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना. एवढी खंबीर बाई, पण तो अंधार तिने एकटीने गिळला नाही, कोणाजवळ तरी बोलली. सोळा वर्षांच्या मुलाने तो एकट्याने का गिळावा?

मग निसटलेल्यांचं काय? तुमच्यातले काही निसटतील, हे लिहायला मला संकोच नाही. त्यांच्यासाठी बायबलमधला मार्क आहे. पौल आणि बर्णबा या सुरुवातीच्या धर्मप्रचारकांबरोबर मोठ्या उत्साहाने निघालेला हा तरुण पंफुल्यातल्या पिर्गा इथे त्यांना सोडून यरुशलेमला परत गेला. कारण कुठेच दिलेलं नाही. पुढच्या फेरीला बर्णबा म्हणाला, त्याला पुन्हा नेऊ. पौल म्हणाला, मुळीच नाही. दोघांत इतकं वाजलं की जोडीच फुटली. पौल सीलाला घेऊन गेला आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटावर. मार्क त्याच्या नात्यातला होता हे खरं, पण पूर्वी ख्रिस्ती लोकांचा छळ केलेल्या ज्या पौलाला यरुशलेमचे शिष्य घाबरत होते, त्यालाही हाताला धरून प्रेषितांकडे नेणारा हाच बर्णबा होता. त्याची ती जातच. आणि पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तोच पौल लिहितो की मार्काला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. दुसरं शुभवर्तमान याच मार्काच्या नावावर आहे. पौल मोठा, वाद नाही. पण तुमच्या पहिल्या वर्षात तुम्हाला बर्णबा लागणार आहे.

वादावादीची हौस असणाऱ्यांना फ्रेडरिक ओझानाम सांगते. पॅरिसमध्ये शिकणारा हा विद्यार्थी चर्चासभांत धर्माची बाजू मांडायचा. 'तुमच्या चर्चने पूर्वी काय केलं ते ठीक, आज गरिबांसाठी काय करता?' असा टोला त्याला तिथे बसला. ओझानामने प्रत्युत्तराचं भाषण तयार केलं नाही. १८३३ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, मूठभर मित्र जमवून तो गरिबांच्या घरी जाऊ लागला. कसं जायचं, काय बोलायचं, हे त्यांना रोझाली रोंद्यू नावाच्या सिस्टरांनी शिकवलं. आज जगभर पसरलेली संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ती हीच. डोकं शंकांनी भरलेलं असताना दुसऱ्याच्या घरी मदतीला जाता येतं, हे मी वॉर्डातही पाहिलं आहे.

आता रोखठोक. तुमच्यातले बरेच जण दोनतीन वर्षांत शिक्षणासाठी वसतिगृहात जातील. पहिल्याच आठवड्यात जवळचं चर्च आणि मिस्साची वेळ शोधून ठेवा, सोयीचं बघू म्हटलं की राहतंच. तिथल्या एका तरी माणसाला तुमचं नाव माहीत असू द्या. गायनवृंद असेल तर गळा नसला तरी जा, पुस्तकं वाटायला माणूस लागतोच. प्रवचनात पेंग आली तर लाजून चर्च सोडू नका. त्रोवस शहरात पौलाचं भाषण लांबलं तेव्हा युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांना तो मेलेलाच सापडला, पण पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं, तो जिवंत झाला. मग पौल वर आला, भाकर मोडली आणि उजाडेपर्यंत पुन्हा बोलत बसला. प्रवचनकारांनी यातून काय घ्यायचं ते त्यांचं त्यांनी पाहावं. आणि धर्मपिता-धर्ममाता दूर असतील तर त्यांची वाट न बघता तुम्हीच फोन करा. बहुतेकांना आपलं काम फोटो काढून झाल्यावर संपलं असं वाटत असतं.

आता माजी विद्यार्थ्यांनो, तुमचं काम. यंदाच्या प्रत्येक दृढीकृत मुलामुलीमागे आपल्यातलं एक माणूस असावं, अशी सूचना मी संघाच्या बैठकीत मांडली आणि ती मान्य झाली. काम फारसं नाही: महिन्यातून एक फोन, परीक्षेच्या दिवसांत एक निरोप आणि उपदेश शक्यतो नाही. मुलांच्या पालकांची संमती शाळा घेणार आहे. नावनोंदणीची वही महोत्सवाच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी, धर्मशिक्षणाच्या सिस्टरांकडे असेल. पहिल्या ओळीत माझं नाव आहे. मुलगा, मुलगी, कुणीही द्या, चालेल. फक्त प्रश्न विचारणारं असावं.