बर्निनाची लाल लोकल: बर्फातून एका दिवसात

बर्निना एक्सप्रेसचं आरक्षण मिळालं नाही, म्हणून स्वित्झर्लंडच्या बेतातून आल्प्समधला बर्निना रेल्वेमार्गच खोडून टाकणारे पुष्कळ असतात. त्याची काही गरज नाही. ती पॅनोरमा गाडी ज्या रुळांवरून जाते, त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून आणि बोगद्यांतून दिवसभरात साधारण तासाला एक साधी लाल लोकल धावते. तिला आरक्षण लागत नाही. वाटेत उतरायचं आणि मागची गाडी पकडायची, असं हवं तितक्या वेळा करता येतं. शिवाय तिच्या काही खिडक्या उघडतात. पॅनोरमा डब्याची काच मोठी असते खरी, पण ती बंद असते, आणि फोटोत शेजाऱ्याचा स्वेटर डोंगरावर उमटतो. हिवाळ्यात एका दिवसासाठी जायचं तर लोकलच बरी.

प्रवासाचे तीन तुकडे आहेत. झुरिक ते कूर सव्वा तास, कूर ते सेंट मॉरिट्झ दोन तास आणि सेंट मॉरिट्झ ते इटलीतलं तिरानो सुमारे अडीच तास. म्हणजे एका बाजूचेच सहा तास. डिसेंबरात पाचच्या आत अंधार पडतो, त्यामुळे झुरिकहून सकाळी सातला निघून तिरानो गाठून परत यायचं म्हटलं, तर परतीचा बराचसा प्रवास काळ्या काचेकडे बघत होतो. यावर उपाय सोपे आहेत. आदल्या रात्री कूरला राहा, किंवा तिरानोहून पुढे मिलानला निघून जा. तेही नको असेल, तर वाटेतल्या आल्प ग्र्यूम स्टेशनवरूनच मागे फिरा. बर्फ बघायला आलेल्यांनी तिरानोपर्यंत गेलंच पाहिजे असं अजिबात नाही. ते गाव समुद्रसपाटीपासून ४२९ मीटरवर आहे आणि तिथे बऱ्याचदा बर्फाचा मागमूसही नसतो.

जागा उजव्या बाजूला धरा. कूरहून निघताना उजवी, सेंट मॉरिट्झहून तिरानोकडे जातानाही उजवीच. येताना अर्थात उलट. फक्त पोस्कियावोचं सरोवर डावीकडे येतं, तेवढ्यापुरतं उठून पलीकडे गेलं की झालं.

फिलिझूर स्टेशनच्या थोडं आधी लांडवासर पूल येतो. उंची ६५ मीटर, लांबी १३६ मीटर, सहा कमानी. पूल सरळ नाही, १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे आणि त्याचं पलीकडचं टोक थेट उभ्या कड्यातल्या बोगद्यात शिरतं. म्हणून पुढच्या डब्यात बसू नका, तिथून पूल दिसतच नाही. शेवटच्या एक-दोन डब्यांत बसलात, तर आपलीच गाडी समोर वळून कड्यात घुसताना दिसते. हे सगळं मिनिटभरात आटोपतं. तिफेनकास्टेल गेलं की कॅमेरा हातात हवा आणि हातमोजा खिशात.

पुढे बर्ग्यून ते प्रेडा. या दोन स्टेशनांच्या उंचीत ४०० मीटरहून जास्त फरक आहे आणि दरी अरुंद आहे. सरळ रूळ टाकले असते तर चढ झेपला नसता, म्हणून रूळ डोंगराच्या पोटात गोल फिरवून लांबवले आहेत. बर्ग्यूनचं चर्च आधी एका खिडकीत दिसतं, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या, आणि दर वेळी आणखी खाली गेलेलं असतं. हिवाळ्यात प्रेडा ते बर्ग्यून हा रस्ता गाड्यांना बंद असतो, त्यावरून लोक स्लेज घेऊन घसरत खाली येतात आणि ट्रेनने परत वर जातात. शनिवार-रविवारी या टप्प्यात डबे स्लेज आणि ओल्या बुटांनी भरून जातात. जमल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी या.

प्रेडानंतर अल्बुला बोगदा. जुना बोगदा १९०३ पासून वापरात होता. त्याच्या शेजारी खोदलेला नवा २०२४ मध्ये सुरू झाला. पलीकडे एंगादिनचं खोरं. इथे गाडी बदलायची: सामेडनला उतरून पोंत्रेझिनामार्गे, किंवा सरळ सेंट मॉरिट्झपर्यंत जाऊन. वेळ असेल तर सेंट मॉरिट्झला जा. तिरानोची लोकल तिथूनच सुटते, त्यामुळे खिडकी मिळते. गाडी बदलावी लागते यामागे विजेचंही कारण आहे. कूरहून येणाऱ्या अल्बुला मार्गावर ११,००० व्होल्टचा एसी प्रवाह आहे, तिरानोकडे जाणाऱ्या बर्निना मार्गावर १,००० व्होल्टचा डीसी. अल्बुलाचं साधं इंजिन पोंत्रेझिनाच्या पुढे चालतच नाही. आलेग्रा नावाच्या नव्या गाड्या मात्र दोन्ही प्रवाहांवर धावतात.

पोंत्रेझिनानंतर खरा बर्फ. मोर्तेराच स्टेशन सोडून गाडी एक मोठं वळण घेत चढते, तेव्हा उजवीकडे हिमनदी आणि तिच्यामागे ४,०४९ मीटरचं पिझ बर्निना शिखर उघडं होतं. पुढे दोन तळी लागतात, काळं लेय नैर आणि पांढरं लागो बियांको. पहिल्याचं पाणी इन आणि डॅन्यूब नद्यांतून काळ्या समुद्राला जातं, दुसऱ्याचं पो नदीतून एड्रियाटिकला. जानेवारीत मात्र दोन्ही गोठून सारखीच पांढरी, कोणतं काळं ते पाटी वाचूनच कळतं.

ऑस्पिझिओ बर्निना २,२५३ मीटरवर आहे, या मार्गाचा माथा. इथून तिरानोपर्यंत गाडी १,८२४ मीटर खाली उतरते, आणि तेही दातेरी रुळाशिवाय. उतार काही ठिकाणी हजार मीटरला ७० मीटर आहे. साध्या चाकांच्या गाडीसाठी हे फार झालं, म्हणून ती धीम्या गतीने आणि अतिशय अरुंद वळणं घेत उतरते.

एकाच ठिकाणी उतरायचं असेल तर आल्प ग्र्यूमला उतरा. उंची २,०९१ मीटर. हिवाळ्यात इथे गाडीरस्ता येत नाही. समोर पाल्यू हिमनदी आणि खाली, फार खाली, पोस्कियावोचं खोरं. पुढची गाडी साधारण तासाने येते, तेवढा वेळ पुरतो. फलाटावर बर्फ दाबून काचेसारखा झालेला असतो. गुळगुळीत तळव्याचे बूट घालून धावायचं नाही. आणि उतरताक्षणी परतीच्या गाडीची वेळ पाहून घ्यायची.

लहान थांब्यांवर एक गोष्ट हमखास चुकते. तिथे गाडी मागितल्याशिवाय थांबत नाही. डब्यात दाराजवळचं बटण वेळेत दाबावं लागतं, आणि फलाटावरून चढायचं असेल तर तिथलं बटण. ते न दाबता हात हलवत उभं राहिलात, तर गाडी समोरून निघून जाते.

तिरानोपर्यंत गेलात तर ब्रूझिओचा गोल पूल चुकवू नका. नऊ कमानींचा हा पूल उघड्यावर पूर्ण वेढा घेतो आणि गाडी आपल्याच पुलाखालून बाहेर पडते. इथेही उजवी बाजू आणि मागचा डबा. तिरानोत गाडी चक्क रस्त्यावरून, मोटारींच्या शेजारून धावते. कांपोकोलोन्योनंतर इटली सुरू होते. पासपोर्ट सोबत हवाच, तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून येऊ नका. स्विस ट्रॅव्हल पास आणि सेव्हर डे पास लोकलला तिरानोपर्यंत चालतात, पण मिलानच्या गाडीचं इटालियन तिकीट वेगळं काढावं लागतं आणि ते कागदी असेल तर चढण्याआधी यंत्रात छापून घ्यावं लागतं. मिलानच्या गाड्या साधारण दोन तासांनी असतात, म्हणजे एक हुकली की दोन तास गेले.

आता हवामान. झुरिकला धुकं आहे म्हणून बेत रद्द करू नका. हिवाळ्यात तिथे ढग खाली बसलेले असतात आणि वर लख्ख ऊन असतं. सकाळी बर्निना मार्गावरच्या डियावोलेझा परिसराचे वेबकॅम बघा, तेच खरं सांगतात. खरी काळजी हिमस्खलनाची. दावोसच्या हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्थेचं पत्रक हिवाळ्यात सकाळी ८ आणि संध्याकाळी ५ वाजता निघतं. धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी चौथी दिसली तर दिवस बदला. माथ्यावरचा मार्ग बंद झाला तर बदली बसवर फार भिस्त ठेवू नका, कारण २,३२८ मीटरवरचा बर्निनाचा घाटरस्ताही त्याच कारणाने बंद होऊ शकतो.

फोटोबद्दल थोडंसं. कॅमेरा बर्फाला राखाडी करून टाकतो, त्यामुळे एक्स्पोजर एक पायरी वाढवा. फोनची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, तो आतल्या खिशात ठेवा. बाहेरून उबदार डब्यात आलात की भिंगावर बाष्प जमतं. पुसत बसू नका, काही मिनिटांत आपोआप जातं. डबे चांगलेच गरम असतात, म्हणून एका जाड जाकिटापेक्षा दोन-तीन पातळ थर सोयीचे. लोकलमध्ये खायला मिळेल असं धरून चालू नका.

परतताना अंधार पडला असेल तर त्याच अल्बुला मार्गाने येण्याचा हट्ट नको. सामेडनहून वेराइना बोगद्यातून लांडक्वार्टला येता येतं आणि तिथून झुरिकची गाडी मिळते. १९ किलोमीटरचा हा बोगदा १९९९ मध्ये सुरू झाला. बाहेर काळोखच असेल तर त्यातून जाण्यात काही हुकत नाही. वाटेत साल्याइन्सला गाडी बदलावी लागली तर गोंधळू नका. त्या स्टेशनातून बाहेर जायला वाटच नाही, ते फक्त गाडी बदलण्यासाठी बांधलेलं आहे.