चायनीजच्या गाडीवरचं व्हिनेगर

मौदा तालुक्यात धानाची मळणी आटोपली की जागोजागी तणसाचे ढीग उभे राहतात आणि जनावरं उन्हाळा त्याच्यावरच काढतात. पोट भरतं, अंगी काही लागत नाही. तणसात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के, वर लिग्निन आणि सिलिका, म्हणजे काडी कडक करणारे, न पचणारे घटक. म्हणून आम्ही गावोगावी युरिया प्रक्रियेची प्रात्यक्षिकं घेतो. १०० किलो तणसाला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवलेला. थरावर थर, झारीने शिंपडायचं, पायाने तुडवायचं आणि ताडपत्रीखाली हवाबंद ठेवायचं. एरवी तीन आठवडे पुरतात. थंडीत मी चार सांगतो.

त्या जानेवारीत कन्हानकाठच्या एका गावात असाच ढीग उघडायला निघालो होतो. वाटेतच फोन आला. "साहेब, लवकर या जी, बैल पडला." गाव तेच, पण फोन शेजाऱ्याचा.

बैल गोठ्यापुढे आडवा. तोंडाला फेस, अंगभर थरथर, डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली. तोंडाशी वाकलो तर अमोनियाचा भपका. काय चारलं विचारलं, तर दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले. शेवटी म्हातारी बोलली, "युरिया पाजला जी यायनं. बाजूचे चारतेत म्हनून ऐकलं, मंग बादलीतच घोळला."

पोटातले जंतू युरियाचा अमोनिया भराभर करतात. त्यातून प्रथिनं बांधायलाही त्यांना येतं, पण सवय नसताना एकदम एवढा आला की तो सरळ रक्तात जातो. अशा वेळी हाताशी तास-दीड तास असतो, कधी तेवढाही नाही. उपाय म्हणजे भरपूर थंड पाणी आणि पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजेच साधं व्हिनेगर. गारव्याने पोटातली क्रिया मंदावते, आंबटपणाने अमोनियाचं रक्तात जाणं रोखलं जातं.

तालुक्याच्या गावाहून आणेपर्यंत बैल राहिला नसता. मी धाकट्याला म्हटलं, फाट्यावर चायनीजची गाडी लागते ना, त्या पोराच्या घरी जा, पांढरं व्हिनेगर असेल तेवढं उचल. तो मोटारसायकलवर पोतं घेऊन परतला. बाटल्या बऱ्याच होत्या, एका बरणीत मात्र हिरव्या मिरच्यांचे तुकडे तरंगत होते. ती बाजूला ठेवली. तोवर बैलाला छातीवर बसतं करून पोटात नळी घातली होती. आधी गॅस सुटला, मग मडक्यातलं गार पाणी आणि चार लिटर व्हिनेगर नळीनेच सोडलं. बाटलीने पाजलं असतं तर फुफ्फुसात गेलं असतं.

दुपार कलताना थरथर थांबली. थोड्या वेळाने बैल स्वतःच उठला आणि त्याने भलीमोठी लघवी केली. म्हातारीने त्याच्या कपाळाला हळद लावली; माझ्या वाट्याला चहा आला.

शेजारचा ढीग मग संध्याकाळीच उघडला. थोरला भाऊही आला, पण दोन हात लांबच उभा. "यातबी युरियाच हाये ना जी?" प्रश्न बरोबर होता. ताडपत्रीखाली ओलाव्यात युरियाचा अमोनिया आधीच होऊन जातो आणि तो लिग्निनची पकड ढिली करतो, म्हणून कांडी फुगते, मऊ पडते. थोडा भाग तणसात मुरतो, त्याने प्रथिनांचा आकडा ७-८ टक्क्यांवर जातो. जास्तीचा उडून जावा म्हणून चारण्याआधी तासभर पसरून ठेवायचं. एक मूठ त्याच्या हातात दिली. पिवळं तणस तपकिरी झालं होतं, बोटांत दबत होतं, वासाने डोळ्यांत पाणी येत होतं.

"सुरुवातीला थोडंच, नेहमीच्या तणसात मिसळून," मी म्हटलं. "सहा महिन्यांच्या आतल्या वासराला अजिबात नाही. आणि तुमच्या या बैलाला सध्या तर नाहीच."

तो काही विचारणार, तेवढ्यात फाट्यावरचा पोरगा बाटल्यांचे पैसे मागत आला. मिरचीची बरणी उघडलीच नव्हती, तिचे पैसे द्यायचे की नाही यावर दोघांची जुंपली.