तीन की दीन

मोडी वाचतो म्हटलं की लोकांना वाटतं हा माणूस शिवाजी महाराजांची पत्रं वाचत बसत असेल. तसं नाही हो. नागपुरात माझ्याकडे येणारं बहुतेक काम म्हणजे जातीच्या दाखल्यासाठी कोतवाल बुकातल्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या) आणि दाखल-खारिज रजिस्टरातल्या (शाळेच्या) नोंदी, उरलेलं भावाभावांच्या शेतीच्या भांडणांचं. पानामागे पैसे, खाली सही-शिक्का, विषय संपला. पण मार्चमधली एक केस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतो.

महाल या जुन्या वस्तीत केळीबाग रोडच्या आतल्या एका गल्लीत एक वाडा आहे. अकरा खोल्या, मधे चौक, चौकात जाळी टाकलेली विहीर, आणि तिथे एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या बायका राहतात. सध्या आठ जणी आहेत. भाडं कोणीच देत नाही, कधी कोणी मागितलंही नाही, लाइटबिल सगळ्या मिळून भरतात. पाटी नाही, नाव नाही, गल्लीत सगळे नुसतं "आज्यांकडे" म्हणतात. आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, मात्र दान देणाऱ्या बाईच्या वंशजांची नावं चढलेली आहेत, आणि रोड रुंद झाल्यावर भाव वाढला तसा त्यांना वाडा आठवला.

आज्यांकडून एका तरुण वकीलबाईंनी धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत अर्ज केला की हा सार्वजनिक न्यास आहे, चौकशी करून नोंद करा. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातली कलम १९ ची चौकशी म्हणतात ती. सगळं अडतं एका प्रश्नावर, दान कोणासाठी होतं? ठराविक माणसांसाठी असेल तर तो खाजगी मामला, आणि ज्यांची माणसं बदलत राहतात अशा एखाद्या वर्गासाठी असेल तर सार्वजनिक. सुप्रीम कोर्टाने देवकीनंदन विरुद्ध मुरलीधरमध्ये १९५६ लाच हा फरक सांगून ठेवलाय, वकीलबाईंनी मला तो फोनवरच समजावला.

आणि समोरच्यांनी, म्हणजे वंशजांनी, मोडी दानपत्राचं जे लिप्यंतर दाखल केलं त्यात लिहिलं होतं, "तीन बायकांस राहावयासी जागा दिल्ही". म्हणजे घरातल्याच तीन विधवा, त्या गेल्या, प्रकरण मिटलं, वाडा वारसांचा.

मी म्हटलं झेरॉक्स नको, मूळ कागद दाखवा. मूळ कागद सगळ्यात जुन्या आजींच्या पत्र्याच्या पेटीत होता, लाल रुमालात बांधलेला. त्यांच्याआधी जी सगळ्यात जुनी होती तिने मरताना यांच्या हातात दिला, आणि तिच्याआधी तिला कोणीतरी. वाचता एकीलाही येत नाही. वाळवीपासून वाचवायचा एवढंच त्यांना माहीत, दर दिवाळीला रुमाल सोडून ऊन दाखवायचं आणि परत बांधायचं. मी मोठमोठ्या शिकलेल्या घरांतून कागद गठ्ठ्याने रद्दीत गेलेले पाहिलेत.

घडीवर मात्र कोणीतरी, बहुतेक झेरॉक्सवाल्याने, सेलोटेप मारलेला होता. हात जोडून सांगतो, जुन्या कागदाला सेलोटेप लावू नका. चिकट पिवळं होऊन कागदात उतरतं, आणि काढायला जावं तर शाईसकट वरचा पापुद्रा निघतो.

तारीख शके १७७६ आनंदनाम संवत्सर, म्हणजे १८५४-५५. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात गेले, पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं, हत्ती-घोडे-बैल सीताबर्डीत लिलावात निघाले आणि जामदारखान्यातले दागिने विकायला कलकत्त्याला गेले. दरबाराच्या जिवावर जगणारी किती घरं त्या साली बसली असतील. त्याच साली भोसल्यांच्या वाड्याशी संबंध असलेल्या एका विधवेने स्वतःचं राहतं घर असं मोकळं करून दिलं. तिने कारण कुठे लिहिलेलं नाही, पण मला ही दोन्ही एकमेकांपासून वेगळी करताच येत नाहीत.

आता ते अक्षर. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि टाक शक्यतो न उचलता लिहीत जातात, शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत, आणि वेलांटी एकाच तऱ्हेची, ऱ्हस्व-दीर्घ नाहीच. म्हणजे दिन आणि दीन कागदावर एकसारखे. त्यात इथे पहिल्या अक्षराच्या बरोबर पोटात कसरीने, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीने, भोक पाडलेलं, वरची रेघ आणि खालचं शेपूट तेवढं उरलेलं. झेरॉक्समध्ये ते भोक काळं येतं, शाईच वाटते. "तीन" वाचणाऱ्याला मी चूक म्हणत नाही, तसंही वाचता येतं. पण शंकेचं अक्षर कंसात टाकून पुढे प्रश्नचिन्ह करायचं असतं, हा या कामाचा पहिला धडा आहे. दहा दिवसांचा वर्ग करून शिक्का बनवून घेणाऱ्यांना तो कोणी शिकवत नाही, आणि त्या नसलेल्या प्रश्नचिन्हापायी आठ बायका रस्त्यावर येऊ शकतात.

माझं वाचन "दीन", म्हणजे गरीब, निराधार बायका, कोणी ठरलेल्या तिघी नव्हेत. का, तर त्या दस्तात बाकी सगळी मोजदाद आकड्यात आहे, खोल्या ११, विहीर १, रुपये नागपुरी शिक्का इतके. मग बायकाच तेवढ्या अक्षरात कशाला? आणि तीन ठरलेल्या बायका असत्या तर त्यांची नावं असती.

पण हे सगळे अंदाज झाले. खरी गोष्ट रुमालाच्या तळाशी सापडली, खर्चाचं एक पातळ बाड. महिन्याची ज्वारी, तूरडाळ, मीठ, दिव्याचं तेल, वर्षाला दोन लुगडी, आणे उभ्या-आडव्या रेघांत, आणि दर महिन्याच्या डोक्यावर माणसांची संख्या, "असामी ७", मग "असामी ९", एका साली "असामी ११". आणि एका पानावर, "सखू मयत, तिचे जागी राधी". मी ते आज्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. कोणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यातल्या एकीने विचारलं, "राधी कोणत्या खोलीत होती बापा?" ते बाडात नाही.

चौकशीत माझी साक्ष झाली. समोरच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न टाकला, हे अक्षर "द" च आहे असं शपथेवर सांगता का, हो की नाही. मी म्हटलं, नुसत्या अक्षरावरून नाही. पुढचं बोलू दिलं नाही, बाडाचं सगळं फेरतपासणीत आलं. बाहेर व्हरांड्यात सगळ्यात जुन्या आजी बसून होत्या, सेतू केंद्रात काढलेला आधारचा कागद पिशवीत घेऊन. म्हणाल्या, "नाही काहून म्हणला रे बाबू तू?"

मी कसर, भोक, शेपूट सगळं समजावत बसलो. त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नव्हतं, आणि घरी येताना मलाही कुठे पूर्ण पटलं होतं. शपथेवर दुसरं उत्तर मी देऊच शकत नव्हतो. तरी त्या "नाही"च्या आधी "बाड पाहा" एवढे दोन शब्द मी रेटून का बोललो नाही, याचा विचार रोज करतो.

आता समोरच्यांना अजून एका मोडीवाल्याचं मत हवंय. नागपुरात हे काम करणारे आपण मोजकेच आहोत, म्हणजे फोन तुमच्यापैकीच कोणाला तरी येईल. तुम्ही "तीन" वाचलं तरी माझं काही म्हणणं नाही. फक्त झेरॉक्सवर मत देऊ नका. महालात जा, आजींकडून रुमाल सोडवून घ्या आणि आधी बाड वाचा.