टाकलेलं म्हणजे नक्की कुणाचं?

जुन्या सामानाच्या धंद्यात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. लॉटमध्ये, म्हणजे एकगठ्ठा घेतलेल्या मालात, कपाट आलं, रोख पैसे दिले, आणि साफ करताना खणाच्या मागच्या फटीत कागदाच्या पुडीत अंगठी निघाली. कपाट माझं, त्यात वाद नाही, पण अंगठी विकणाऱ्याने विकलीच कुठे, ती तिथे आहे हेच बिचाऱ्याला माहीत नव्हतं! नको म्हणून टाकलं की हक्क सुटतो, नजरचुकीने गेलं तर सहसा सुटत नाही.

इंग्लंडमधली १७२२ ची केस प्रसिद्ध आहे. धुराडी साफ करणाऱ्या पोराला दागिना सापडला, तो किंमत काढायला सोनाराकडे गेला तर तिथल्या शागिर्दाने खडेच काढून घेतले. कोर्ट म्हणालं, खरा मालक सोडून बाकी सगळ्यांपुढे हक्क पोराचा. मला हे पटतं. उलट वेल्समध्ये न्यूपोर्टला २०१३ मध्ये हजारो बिटकॉइनची चावी असलेली हार्ड डिस्क चुकून कचऱ्यात गेली, तर तिथल्या कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं म्हणणं, कचरा डेपोत आलं ते आमचं, आणि २०२५ मध्ये कोर्टाने त्या माणसाचा दावा फेटाळलासुद्धा. हे मला अजून पचलेलं नाही.

आता लोक म्हणतात मंदीत तुमची चांदी असेल. कसली चांदी! विकायला येणारे वाढतात, घेणारे नाही, भांडवल मालात अडकून बसतं आणि गोडाऊनचं भाडं काही थांबत नाही. २००८ च्या शेवटी भंगार लोखंडाचे भाव काही महिन्यांत कोसळले, तेव्हा चढ्या भावात माल भरून ठेवलेल्यांचे काय हाल झाले असतील विचार करा. अशा महिन्यात ती अंगठी हातात आली की थकलेलं भाडं डोळ्यासमोर येतं, कायदा नंतर आठवतो.

सगळ्यात अवघड लॉट म्हणजे बंद पडलेल्या रिपेअरिंगच्या दुकानाचा. मालक कर्जात बुडालेला, सगळं एकदम उचला म्हणतो, आणि त्यात चिठ्ठ्या लावलेली घड्याळं असतात, गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकलेली. ती विकायचा हक्क त्याला नाही, मग मला कुठून येणार? असा लॉट असला की मी आधी चिठ्ठीवाल्या वस्तू बाजूला काढायला लावतो, दुकानदाराचा फोन नंबर पावतीवर घेतो, मगच भावाचं बोलतो, आणि हो, भाव कमी करावा लागतो म्हणून तो चिडतोच.